उद्याच्या विजेचे गणित

गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या किनाऱ्यावर उभा राहिलेला दाभोळ वीजप्रकल्प महाराष्ट्राच्या स्मरणात आहे, तो मुख्यतः एक राजकीय वाद म्हणून. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या पुढाकाराने आलेल्या या प्रकल्पाचा राज्य वीज मंडळाशी १९९३ मध्ये झालेला करार, १९९५ मध्ये तो रद्द करण्याचा सरकारचा निर्णय, पुढच्याच वर्षी झालेला फेरकरार, १९९९ मध्ये सुरू झालेला ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा आणि २००१ मध्ये थांबलेली वीजनिर्मिती हा घटनाक्रम वारंवार सांगितला गेला आहे. मात्र या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. महाराष्ट्राला किती वीज लागणार, दिवसाच्या कोणत्या वेळी लागणार आणि ती सर्वांत कमी खर्चात कशी मिळणार, याचा हिशेब कोणी आणि कसा मांडला होता?

हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला होता. जागतिक बँकेने १९९३ मध्ये या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला. राज्याच्या गरजेच्या मानाने प्रकल्प फार मोठा आहे आणि त्याची महाग वीज घेण्यासाठी कोळशावर चालणारे स्वस्त संच मागे ठेवावे लागतील, असा बँकेच्या आक्षेपाचा आशय होता. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतील गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे या अभ्यासकांनीही कराराची आकडेवारी तपासून त्यातील आर्थिक बोजाकडे लक्ष वेधले होते. पुढे मंडळाला ती वीज परवडेना आणि प्रकल्प बंद पडला. नियतीचा खेळ असा, की त्यानंतर काही वर्षांतच राज्यात विजेची तीव्र टंचाई निर्माण झाली आणि ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसले. आधी नको तितकी महाग वीज आणि मग हवी तेव्हा वीजच नाही, अशी दोन्ही टोके एका दशकात या राज्याने पाहिली.

औष्णिक वीजकेंद्र एकदा उभे राहिले की पंचवीस ते चाळीस वर्षे चालते. त्याचा खर्च, त्याचा धूर आणि त्याचे करार तितकी वर्षे समाजाच्या मानेवर राहतात. त्यामुळे ‘पुढील वीस वर्षांत किती वीज लागेल’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून जो आकडा कागदावर येतो, त्याला विलक्षण वजन असते. आज जगातील बहुतेक देशांत हा आकडा संगणकावरील प्रतिमानांतून, म्हणजेच मॉडेलांतून येतो. देशाचे ऊर्जाधोरण, प्रदूषणाचे निकष आणि हवामानविषयक आंतरराष्ट्रीय वचने यांच्यामागेही हीच प्रतिमाने असतात. सर्वसामान्य वीजग्राहकाला मात्र त्यांच्याविषयी फारसे काही ठाऊक नसते.

बेगमीचे शास्त्र

या प्रतिमानांची मूळ कल्पना अवघड नाही. पावसाळ्यापूर्वी घरची बेगमी करणारी गृहिणी हेच गणित मनातल्या मनात सोडवत असते. घरात माणसे किती, सणावाराला पाहुणे किती येणार, कोठीत जागा किती, हाती पैसा किती, तांदूळ आताच भरावा की नव्या पिकाची वाट पाहावी, अशा अनेक अटी सांभाळून कमीत कमी खर्चात वर्ष निभावून नेणे हे तिचे उद्दिष्ट असते. राष्ट्रीय ऊर्जानियोजनात हीच बेगमी कोट्यवधी घरांसाठी, कारखान्यांसाठी, शेतीपंपांसाठी आणि रेल्वेगाड्यांसाठी करायची असते, आणि तीही वीस-तीस वर्षांची.

अशा प्रतिमानाचे चार भाग असतात. पहिला भाग मागणीचा. कोणत्या वर्षी कोणत्या कामासाठी किती ऊर्जा लागेल, याचे अंदाज त्यात भरले जातात. दुसरा भाग साधनांचा. कोळसा, पाणी, वायू, अणू, वारा, सूर्य यांपासून ऊर्जा मिळवणाऱ्या प्रत्येक तंत्राचा उभारणीचा खर्च, इंधनाचा खर्च, आयुष्य आणि कार्यक्षमता यांची नोंद त्यात होते. तिसरा भाग मर्यादांचा. खाणींतून किती कोळसा निघेल, धरणात पाणी किती, कार्बन वायूचे उत्सर्जन किती चालेल, हे त्यात सांगितले जाते. चौथा भाग उद्दिष्टाचा. सर्व अटी पाळून एकूण खर्च कमीत कमी व्हावा, हे बहुधा ते उद्दिष्ट असते. एवढे भरून दिले की संगणक लक्षावधी समीकरणे सोडवून कोणते केंद्र कधी उभारावे आणि किती चालवावे, याचा तक्ता पुढे ठेवतो.

यामागचे गणित ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’ या नावाने वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही परिचित आहे. सोविएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये प्लायवूड कारखान्यातील यंत्रांचा चांगला वापर कसा करावा, या प्रश्नातून या शास्त्राची पायाभरणी केली. अमेरिकेत जॉर्ज डांट्झिग यांनी १९४७ मध्ये अशी गणिते सोडवण्याची ‘सिम्प्लेक्स’ पद्धत मांडली. संगणक आल्यावर ही पद्धत तेलशुद्धीकरणापासून विमानांच्या वेळापत्रकापर्यंत सर्वत्र पोहोचली. ऊर्जानियोजन हे तिचेच एक क्षेत्र होय.

सर्वच प्रतिमाने स्वस्ततम उत्तर शोधणारी नसतात. काही केवळ हिशेबनीसाचे काम करतात. अमुक इतक्या घरांत गॅस पोहोचला, तमुक इतक्या बसगाड्या विजेवर धावू लागल्या, तर इंधन किती लागेल आणि धूर किती कमी होईल, एवढेच ती सांगतात. पहिला प्रकार ‘काय करावे’ असे सुचवतो, तर दुसरा ‘असे केले तर काय होईल’ हे दाखवतो. भविष्यवाणी मात्र दोन्ही करीत नाहीत. ती केवळ ‘जर-तर’ची भविष्यचित्रे असतात. धोरणाच्या चर्चेत नेमके याचेच विस्मरण होते.

तेलटंचाईतून जन्म

या शास्त्राला खरी चालना मिळाली ती १९७३ च्या तेलसंकटाने. अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत खनिज तेलाची किंमत सुमारे चौपट झाली आणि तेलावर विसंबून असलेले देश हादरले. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. तिच्या छत्राखाली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि पश्चिम जर्मनीतील युलिश येथील संशोधन केंद्र यांनी त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मार्कल’ हे प्रतिमान विकसित केले. तेलाला पर्याय कोणता आणि तो किती खर्चात, हा त्याच्यापुढचा मुख्य प्रश्न होता. ‘मार्कल’ आणि त्याचा वारसदार ‘टाइम्स’ यांचा वापर पुढे अनेक देशांनी केला. ब्रिटनच्या २००३ मधील ऊर्जाविषयक श्वेतपत्रिकेसाठीही ‘मार्कल’चाच आधार घेण्यात आला होता.

दुसऱ्या एका प्रतिमानाचा जन्म अगदी वेगळ्या टंचाईतून झाला. केनियात १९८० च्या सुमारास प्रश्न तेलाचा नव्हता. तो सरपणाचा आणि कोळसाभट्ट्यांसाठी तुटणाऱ्या झाडांचा होता. तेथील जळाऊ लाकडाच्या प्रकल्पासाठी ‘लीप’ ही संगणकप्रणाली तयार झाली. स्टॉकहोम पर्यावरण संस्थेने ती पुढे वाढवली आणि आज दीडशेहून अधिक देशांत ती वापरली जाते. श्रीमंत देशांची प्रतिमाने ज्या काळात तेलाची पिंपे मोजत होती, त्या काळात या प्रणालीने चुलीत जाणारे सरपण मोजले. ज्याची पावती फाटत नाही ते इंधन राष्ट्रीय हिशेबातून निसटते. भारतासारख्या देशात त्याचा अर्थ असा, की धुराने डोळे चुरचुरणारी आणि मोळीसाठी रोज मैलोन् मैल चालणारी स्त्री हिशेबातून निसटते. काय मोजायचे, हे ठरवणे हीच धोरणाची पहिली पायरी आहे, ती या अर्थाने.

मागणी वीजेची की उजेडाची?

भारतात या विषयाला नवी दिशा देणाऱ्यांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अमूल्य रेड्डी यांचे नाव अग्रभागी येते. वीजनियोजनाची रूढ पद्धत अशी होती, की मागील काही वर्षांची वाढ पाहायची, तीच रेषा पुढे ओढायची आणि येईल त्या आकड्याएवढी केंद्रे बांधायला घ्यायची. कर्नाटकात १९८७ मध्ये सरकारी समितीने सन २००० पर्यंतची दीर्घकालीन योजना साधारण याच वळणाने तयार केली होती. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला पर्याय म्हणून ‘डिफेंडस’ ही पद्धत मांडली.

त्यांचे म्हणणे असे होते, की लोकांना वीज नको असते; त्यांना उजेड, पाणी, शिजलेले अन्न, गारवा आणि फिरणारी यंत्रे हवी असतात. म्हणून सुरुवात वीजकेंद्रापासून न करता घरातील दिव्यापासून आणि शेतातील पंपापासून करावी. किती घरांना किती उजेड हवा, तो कोणत्या दिव्याने कमीत कमी विजेत मिळेल, हे आधी ठरवावे. मगच उरलेल्या गरजेसाठी नवी केंद्रे बांधावीत. या पद्धतीने त्यांनी सन २००० साठी काढलेली कर्नाटकची गरज सरकारी समितीच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरली, आणि तीही सर्व घरांना वीज पोहोचेल, असे धरून.

या विचारातील तथ्य पुढे दिव्यांनीच सिद्ध केले. ६० वॉटचा जुना दिवा रोज पाच तास जळला, तर वर्षाला सुमारे ११० युनिट वीज खातो. जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा सुमारे १६ युनिटांत भागवतो. केंद्र सरकारच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत असे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. मागील वर्षांची रेषा पुढे ओढणाऱ्या प्रतिमानाला हा बदल दिसूच शकत नाही, कारण त्यात दिवा नावाची गोष्टच नसते. फक्त युनिटांची बेरीज असते.

अंदाज आणि अनुभव

देशपातळीवरील अंदाजांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. डॉ. किरीट पारीख यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ऑगस्ट २००६ मध्ये योजना आयोगाला एकात्मिक ऊर्जाधोरणाचा अहवाल सादर केला. प्रतिमानाच्या साह्याने समितीने ११ भविष्यचित्रे मांडली होती. अर्थव्यवस्था वर्षाला आठ टक्क्यांनी वाढत राहिली, तर २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे ८ लाख मेगावॉट स्थापित क्षमता लागेल, असा तिचा हिशेब होता. कोळसा हाच मुख्य आधार राहील आणि कितीही जोर लावला तरी नव्या अक्षय स्रोतांचा वाटा एकूण ऊर्जेत पाच-सहा टक्क्यांच्या पुढे जाणार नाही, असेही त्यात म्हटले होते.

समितीचे काम काळजीपूर्वक झाले होते. मात्र सौर विजेच्या किमतीने नंतर जी घसरगुंडी केली, तिची कल्पना त्या वेळी जगात फार थोड्यांना होती. राष्ट्रीय सौर अभियानाच्या २०१० मधील पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला जवळपास ११ रुपये होती. राजस्थानातील भडला येथे मे २०१७ मध्ये ती २ रुपये ४४ पैशांवर आली. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता १ लाख मेगावॉटच्या पुढे गेली. सौर वीज इतकी स्वस्त होईल, असे ज्या प्रतिमानाला सांगितलेच नव्हते, ते प्रतिमान तिची शिफारस करणार तरी कसे? ही चूक केवळ भारतीयांचीच नव्हे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या वार्षिक अहवालांतील सौर वाढीचे आकडेही वर्षानुवर्षे प्रत्यक्षाच्या मागे राहिले.

मागणीच्या अंदाजांची गत याहून निराळी नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरण ठरावीक काळाने देशव्यापी वीज सर्वेक्षण करते. २०११ मधील अठराव्या सर्वेक्षणाने २०१६-१७ मध्ये देशाची कमाल मागणी सुमारे २ लाख मेगावॉट होईल, असे म्हटले होते. प्रत्यक्षात ती १ लाख ६० हजारांच्या आसपास राहिली. त्याच सर्वेक्षणाने २०२१-२२ साठी सुमारे २ लाख ८३ हजारांचा अंदाज दिला होता. पुढच्या सर्वेक्षणाने तो सुमारे २ लाख २६ हजारांपर्यंत खाली आणला आणि प्रत्यक्ष मागणी २ लाख ३ हजारांच्या घरात गेली. यात करोनाच्या साथीचा वाटा होता, हे खरे. पण वाढीचा अंदाज मुळातच चढा होता, हेही तितकेच खरे.

या चढ्या अंदाजांची किंमत कोणी मोजली? संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने मार्च २०१८ च्या अहवालात सुमारे ४० हजार मेगावॉट क्षमतेचे ३४ कोळसा प्रकल्प आर्थिक अडचणीत असल्याची नोंद केली. कोळशाची टंचाई, खरेदीकरारांचा अभाव, प्रवर्तकांची तोकडी आर्थिक ताकद अशी त्याची अनेक कारणे होती. परंतु अपेक्षित मागणी न येणे हे त्यांतील एक ठळक कारण होते. या प्रकल्पांना कर्ज देणाऱ्यांत सार्वजनिक बँका आघाडीवर होत्या. ज्या केंद्रांशी वितरण कंपन्यांचे करार झाले, त्यांचा स्थिर आकार वीज घेतली नाही तरी द्यावाच लागतो. तो अखेरीस ग्राहकाच्या बिलात उतरतो.

मात्र अंदाज नेहमी चढेच ठरतात, असा निष्कर्षही घाईचा होईल. करोनानंतर मागणी वेगाने वाढली. कडक उन्हाळ्यात, ३० मे २०२४ रोजी, देशाची कमाल मागणी अडीच लाख मेगावॉटपर्यंत पोहोचली. अंदाज कमी धरला तर भारनियमन आणि जास्त धरला तर रिकामी केंद्रे, अशी ही दुहेरी कसरत आहे.

तीन किल्ल्या

प्रतिमानाचे उत्तर फिरवणाऱ्या तीन किल्ल्या असतात. त्या बाहेरून दिसत नाहीत. पण ज्याच्या हाती त्या असतात, त्याला हवे तसे उत्तर काढणे सोपे जाते.

पहिली किल्ली वाढीच्या दराची. मागणी दरसाल पाच टक्क्यांनी वाढली, तर वीस वर्षांत ती २.६५ पट होते. सात टक्क्यांनी वाढली, तर ३.८७ पट होते. दोन टक्क्यांचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो; पण चक्रवाढीने तो आजच्या एकूण मागणीहून मोठा होतो.

दुसरी किल्ली वटाव दराची. भविष्यातील खर्च आणि लाभ आजच्या पैशांत मोजताना त्यांची किंमत कमी धरली जाते. ती किती कमी धरायची, हे हा दर ठरवतो. तीस वर्षांनंतरचे शंभर रुपये दहा टक्के दराने आज सुमारे पावणेसहा रुपयांचे ठरतात, तर तीन टक्के दराने सुमारे ४१ रुपयांचे. दर चढा धरला की आज स्वस्तात बांधून पुढे सतत इंधन जाळणारे केंद्र किफायतशीर दिसते आणि आज खर्च करून पुढे फुकट ऊन घेणारे केंद्र महाग भासते. तापमानवाढीचे तीस-चाळीस वर्षांनंतरचे नुकसान तर जवळजवळ अदृश्य होते. नातवंडांच्या सुखदुःखाची किंमत किती, हा वास्तविक नीतीचा प्रश्न. तो एका टक्केवारीच्या आड दडून बसतो.

तिसरी किल्ली वेळेची. वर्षात ८७६० तास असतात. जुन्या प्रतिमानांत गणित आटोपशीर राहावे म्हणून वर्षाचे मोजकेच भाग पाडले जात. कोळशाची केंद्रे रात्रंदिवस चालत, तोवर ते चालूनही जाई. सूर्य मात्र दुपारी भरभरून देतो आणि दिवेलागणीला, नेमकी मागणी चढते तेव्हा, निघून जातो. सरासरी काढणाऱ्या प्रतिमानाला हा पेच दिसत नाही. त्यामुळे आता तासातासाचा हिशेब करणारी प्रतिमाने वापरली जातात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२९-३० साठी देशातील वीजस्रोतांचे योग्य मिश्रण सुचवणारा अहवाल जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात २७ हजार मेगावॉट बॅटऱ्यांची गरज दाखवली होती. एप्रिल २०२३ च्या सुधारित अहवालात ती सुमारे ४१ हजार ६५० मेगावॉट झाली. तीन वर्षांत दीडपट झालेला हा आकडा म्हणजे प्रतिमानाचे अपयश नव्हे. बदललेल्या माहितीनुसार हिशेब पुन्हा मांडण्याची ती तयारी होय.

वेळेच्या या गणिताचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. येथील शेतीपंपांना वर्षानुवर्षे रात्रीची वीज मिळत आली आणि शेतकऱ्याने विंचूकाट्याचे भय पत्करून अंधारात पिकांना पाणी दिले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने हा भार दिवसाच्या उन्हाकडे सरकवण्याचा मार्ग धरला. नवे केंद्र बांधण्याऐवजी मागणीची वेळ बदलणे हाही नियोजनाचा एक पर्याय असतो. तो पर्याय प्रतिमानात लिहिलेला असेल, तरच संगणक तो निवडू शकतो.

धुराचा हिशेब

पर्यावरणाच्या क्षेत्रात अशा प्रतिमानाने राष्ट्राराष्ट्रांतील भांडण मिटवण्यास हातभार लावल्याचेही उदाहरण आहे. युरोपात १९७० च्या दशकात आम्लपर्जन्याचा प्रश्न तीव्र झाला. एका देशातील धुरांड्यांतून निघालेला गंधकाचा धूर दुसऱ्याच देशातील तळी आणि अरण्ये मारत होता. १९८५ मध्ये हेलसिंकी येथे सर्वांनी सरसकट ३० टक्के कपात करावी, असा करार झाला. तो साधा होता. पण जेथे धूर कमी करणे स्वस्त आणि जेथे तो कमी होणे सर्वांत निकडीचे, त्याचा विचार त्यात नव्हता.

व्हिएन्नाजवळील लाक्सेनबुर्ग येथे १९७२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली होती. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोविएत संघ या दोघांचेही शास्त्रज्ञ तेथे एकत्र काम करीत. या संस्थेने ‘रेन्स’ हे प्रतिमान तयार केले. कोणत्या देशातील धूर वाऱ्याबरोबर कोठे जातो, तेथील माती आणि पाणी किती आम्ल सोसू शकते आणि कोठे कपात केल्यास कमी खर्चात अधिक लाभ होईल, हे त्यात एकत्र मांडले होते. १९९४ च्या ओस्लो करारात प्रत्येक देशाला वेगवेगळे उद्दिष्ट देण्यात आले, ते याच हिशेबाच्या आधारे. परस्परांवर विश्वास नसलेल्या देशांनी ते मान्य केले, याचे एक महत्त्वाचे कारण असे, की प्रत्येकाला आपली आकडेवारी त्यात तपासून पाहता येत होती. याच प्रतिमानाची पुढची आवृत्ती ‘गेन्स’ या नावाने आज भारतातील हवाप्रदूषणाच्या अभ्यासांतही वापरली जाते.

पेटी उघडी हवी

‘रेन्स’चा धडा हाच आहे. प्रतिमान कितीही गुंतागुंतीचे असो, त्यात भरलेली गृहीतके सर्वांसमोर असतील, तर मतभेद आकड्यांवर होतात आणि मिटूही शकतात. ती बंद पेटीत असतील, तर संगणकाचे उत्तर हा केवळ अधिकाराचा नवा शिक्का ठरतो. ‘संगणकाने सांगितले’ या वाक्यापुढे सामान्य माणूस गप्प बसतो. संगणकाने सांगितलेले असते, ते त्याला आधी कोणीतरी सांगितलेलेच असते.

गेल्या काही वर्षांत ही पेटी उघडण्याचे प्रयत्न झाले आहेत. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅके ब्रिटिश सरकारच्या ऊर्जा खात्याचे वैज्ञानिक सल्लागार असताना, २०१० मध्ये ‘२०५० कॅल्क्युलेटर’ हे साधन लोकांसाठी खुले झाले. घरे किती उबदार ठेवायची, पवनचक्क्या किती उभारायच्या, मोटारी किती चालवायच्या, हे कोणालाही निवडता येई आणि त्याचा एकूण परिणाम तत्काळ दिसे. त्याच धर्तीवर भारतातही योजना आयोगाने २०१४ मध्ये २०४७ पर्यंतची ऊर्जाचित्रे दाखवणारे साधन तयार केले आणि निती आयोगाने ते पुढे सुधारले. २०११ मध्ये मांडले गेलेले ‘ओसेमोसिस’ हे प्रतिमान कोणालाही फुकट मिळते आणि त्याची सारी समीकरणे उघडी असतात. दाभोळच्या काळात आकडे तपासणाऱ्या पुण्याच्या ‘प्रयास’नेही ‘रूमी’ हे खुले व्यासपीठ आणि त्यावर भारताचे ऊर्जाप्रतिमान विकसित केले आहे. ग्रामीण व शहरी, गरीब व सधन कुटुंबांची मागणी वेगवेगळी मोजणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे. देशाची सरासरी काढली की झोपडीतील एक दिवा आणि बंगल्यातील वातानुकूलन यंत्र यांची बेरीज होते. ती बेरीज फोडून पाहिल्याशिवाय कोणाची गरज वाढते आहे, हे कळत नाही.

भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीजपुरवठ्याच्या पुरेशा तरतुदीविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि वितरण कंपन्यांना दीर्घकालीन मागणीचा पद्धतशीर हिशेब मांडण्यास सांगितले. म्हणजे येत्या काळात प्रतिमानांचे महत्त्व वाढतच जाणार. त्यांतून निघणाऱ्या आकड्यांवर किती जमीन सौर पटलांखाली जाणार, कोणती खाण चालू राहणार, कोणत्या गावाचे पाणी वीजकेंद्राला मिळणार आणि शहरातील बिल किती येणार, हे ठरेल.

वीज कायदा २००३ नुसार दरनिश्चितीपूर्वी नियामक आयोगाला लोकांच्या हरकती आणि सूचना विचारात घ्याव्या लागतात. महाराष्ट्रात त्यासाठी जाहीर सुनावण्या होतात आणि ग्राहक संघटना तेथे पैशापैशाचा हिशेब मागतात. परंतु दर ठरण्याच्या कितीतरी आधी, मागणीचा अंदाज स्वीकारला जातो तेव्हाच, त्या दराचा मोठा भाग ठरून गेलेला असतो. म्हणून हरकत घ्यायची ती तेथेही घेता आली पाहिजे. वाढीचा दर कोणता धरला, सौर विजेची आणि बॅटरीची किंमत काय धरली, काटकसरीच्या उपायांना गणितात स्थान दिले का, अंदाज चुकला तर बोजा कोणावर, हे चार प्रश्न विचारण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. ज्याच्या बिलात स्थिर आकाराची ओळ छापलेली असते, त्या प्रत्येकाला ते विचारण्याचा अधिकार आहे.